नणंदेच्या बुटाची नाडी

कॉलेजपासून घरापर्यंतची अर्धी वाट चालून झाली तेव्हा नणंदेच्या बुटाची नाडी सुटली. ती ऑक्युपेशनल थेरपीत पदव्युत्तर शिक्षण घेत होती. आजाराने पंगू झालेल्याला रोजची कामं पुन्हा जमावीत, याचं ते शास्त्र. आता तिचीच बोटं आखडत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

मी चटकन वाकून नाडी बांधली.

"वहिनी, नापास!" ती हसली. "वर्षभर थिअरीच वाचतेय गं. माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं की माणूसच खचतो."

"देव आहे," मी म्हटलं.

"असू दे. पण बोटं पार थांबेपर्यंत माझी नाडी मलाच बांधू दे. कितीही वेळ लागला तरी तू नुसती शेजारी थांब."