खुर्चीला आलेला ताप

एका मे महिन्यात आमच्या घरातल्या तिघांना एकाच दुपारी एकशे आठ ताप आला. त्याआधी तिघांनीही आमरसाचं पोटभर जेवण केलं होतं.

दोष माझा. शिंकलं की डॉक्टर, खोकलं की डॉक्टर, हा खर्च बंद करायचा म्हणून मी इतवारीच्या बाजारातून थर्मामीटर आणला होता. आता घरीच तपासायचं! पण कोणी आजारीच पडेना. यंत्र टिनाच्या छताखालच्या फळीवर तापत पडलं.

अशात उमरेडहून सासरे आले. थोडी खरेदी करून दुपारच्या बसनं परतायचे होते. संध्याकाळी धाकट्या मेव्हणीला पाहायला पाहुणे येणार होते. निघताना कोट चढवत ते सहज म्हणाले, "आज आंग लय गरम लागून राहिलं, जवाईबुवा."

गरम! मी धावलोच. मोठ्या इतमामानं त्यांच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला. पारा शेवटच्या रेघेवर! झटकला, पुन्हा लावला. पुन्हा एकशे आठ! मी त्यांचा कोट उतरवला, धोतरासकट ओल्या चादरीत गुंडाळलं, तळव्यांना कांदा चोळला.

"मले काही नाही झालं," चादरीतून आवाज आला. "बस चुकली तं पाहुणे निघून जातीन. पोरीचं जमता जमता राहून जाईन."

"मामाजी, आधी जीव, मग सोयरिक."

बायको म्हणाली, या उन्हात सगळ्यांचंच अंग तापतं. तिला लावला: एकशे आठ. मला लावला: एकशे आठ! म्हणजे साथच! (ती उमरेडहून आली असणार, हे मी मनातच ठेवलं.) तोवर बस गेली. मग ज्यांची फी वाचवायची होती, त्याच डॉक्टरांना मी स्वतः सायकलवर डबलसीट घेऊन आलो.

त्यांनी सासऱ्यांची नाडी पाहिली. मग थर्मामीटर झटकून रिकाम्या खुर्चीवर ठेवला, जरा वेळानं उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"खुर्चीलेबी एकशे आठ आहे, भाऊ. हिले काहून नाही गुंडाळलं?"

पारा आमचा नाही, आमच्या खोलीचा ताप सांगत होता; झटकला तरी तोंडात जायच्या आधीच पुन्हा चढत होता! डॉक्टरांनी थर्मामीटर रांजणाच्या पाण्यात गार करून झटकला आणि मामाजींच्या तोंडात दिला. साडेअठ्ठ्याण्णव.

फी दिली, वर उमरेडपर्यंत टॅक्सी केली. पाहुणे उठता उठता मामाजी पोचले, कांद्याच्या वासासकट. मेव्हणीचं जमलं.

नवऱ्या मुलाला त्यांनी म्हणे एकच प्रश्न विचारला, "घरी थर्मामीटर तं नाही ना?"

माझ्या वेळी त्यांनी नुसता पगार विचारला होता.