खिरापत ओळखायची राहिली

आमच्या सोनाळ्यात भुलाबाई बसल्या की महिनाभर संध्याकाळी एकही पोरगी घरात सापडत नाही. मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे घरोघर जाऊन गाणी म्हणायची, आणि शेवटी त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. आत काय खाऊ आहे ते ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. हीच खिरापत. पोरींना ओळखू येऊ नये म्हणून बाया दिवसभर डोकं लढवतात, आणि मी मेली एकदा डबा हलवला की सांगून मोकळी व्हायचे. फुशारकी नाही मारत, सगळी आळी साक्षीला आहे. फुटाणे टणटण वाजतात, गुळपापडी एका अंगाला सरकते, आणि काहीच वाजलं नाही तर नाक लावायचं. "इले पहिले भाईर काढा वं," असं बाया वैतागून म्हणायच्या.

शेजारची माझी मैत्रीण बेसूर गायची, पण सगळ्यांत मोठ्यानं. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. ती गाण्यांना पुढे, मी डब्याला पुढे. आमच्याशिवाय भुलाबाई सुरू होत नाहीत, असा आमचा समज होता.

नववीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत मी आठशे मीटर पळाले, तेही शाळेच्या कॅनव्हासच्या बुटात, आणि पहिली आले. संग्रामपूरहून आलेले, पळायला शिकवणारे एक सर तिथे उभे होते. दुसऱ्याच दिवशी ते आमच्या ओट्यावर हजर. "पोरगी माझ्या हाती द्या," असं बाबांना म्हणाले, जसं काही बैलजोडीचा सौदा! सकाळी टुनकीच्या रस्त्यानं पळायचं, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर. तळलेलं बंद, गोड बंद, मोबाईल बंद, लग्नाच्या पंगती बंद. दिवेलागणीनंतर जेवून सरळ झोपायचं. मला पळायला आवडायचं, खोटं कशाला बोलू? शेवटच्या वळणावर पुढची पोरगी हाताच्या अंतरावर आली की माझ्या अंगात काय यायचं ते मलाच ठाऊक. म्हणून मी सगळ्याला हो म्हटलं.

पहिल्या वर्षी मैत्रिणीनं तोड काढली. गाणी आटोपली की ती वाटीभर खिरापत डब्यात घालून आमच्या खिडकीशी यायची आणि डबा हलवायची.

"ओळख."

"मुरमुरे. त्यात खोबरं."

"बापा! कान हाय का काय हाय वं तुहा!" म्हणायची आणि माझ्या वाट्याचं माझ्याच डोळ्यांदेखत खायची. "तुले चालत नाही ना. मंग मीच खातो. तुह्या नावानं खाल्लं तर पुण्य लागते मले." मी गजांतून हात घालून तिची वेणी ओढायचे. आई आतून ओरडायची, "झोप आता, नाहीतर तुहे सर मले बोलतीन." पोटात भूक असायची, पण झोप मजेत लागायची.

पुढच्या वर्षी ती रोज आली नाही. तिची चूक नव्हती. ती यायची तेव्हा मी पाय चेपत पडल्या पडल्या झोपलेली असायचे, आणि आई खिडकीतूनच सांगायची, "झोपली वं ते." कोण किती दिवस झोपलेल्या माणसाला डबा वाजवून दाखवणार? त्याच्या पुढच्या वर्षी कोणीच आलं नाही. मैदानावर फेऱ्या मारताना गावातून गाणी ऐकू यायची. सर शिट्टी मारायचे, "लक्ष कुठे आहे?" लक्ष कुठे असणार, डोंबल! गाणं कुठल्या आळीत पोचलं, त्यावर होतं.

बारावीला होतो तेव्हा मैत्रिणीचं लग्न ठरलं. मुलगा नांदुऱ्याचा, धान्याच्या अडतीवर. दिवाळीनंतरची तारीख. भुलाबाई उठतात कोजागिरीला, म्हणजे त्या वर्षीची कोजागिरी ही तिची माहेरची शेवटची भुलाबाई, आणि शेवटच्या दिवसाचा मान तिच्याच घरचा. मला कोणी बोलावणं दिलं नाही. आईकडून कळलं. आणि नेमकी दोन दिवसांनी अमरावतीला माझी स्पर्धा. सरांना विचारलं, तर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा की. मग अमरावतीलाही भुलाबाईलाच पाठवू."

मला असा राग आला! तीन वर्षांत एक संध्याकाळ मागितली होती. ट्रॅकवर गेले, अर्धा सराव झाला आणि तशीच फाटकातून बाहेर पडले. सर मागून हाक मारत राहिले. मी वळले नाही. घामानं निथळत, बुटांसकट पळत तिच्या दारात. मनात एवढंच होतं, की आज डबा मीच ओळखणार. एकदाच. मग नांदुऱ्याला जाऊ दे तिला खुशाल.

गाणं चालू होतं. मला पाहिलं आणि थांबलं. फेर धरलेल्या निम्म्या पोरी माझ्या ओळखीच्याच नव्हत्या, लहानग्या होत्या, तीन वर्षांत वाढलेल्या. तिची आई लगबगीनं आतून खुर्ची घेऊन आली. "बस माय, दमून आली." मागोमाग ताटलीत ठेवून पाण्याचा ग्लास. ज्या घरात मी माठात हात घालून पाणी प्यायले, त्या घरात! मी म्हटलं, "खाली बसतो ना मी, काकू." "नाही वं, पाय दुखतीन तुहे." बसले खुर्चीवर. गाणी खालून चालली होती आणि दोन ठिकाणी मला शब्दच आठवले नाहीत.

मग मैत्रीण डबा घेऊन आली. झाकण घट्ट धरून हलवला, आणि मला पहिल्याच आवाजाला कळलं. शंकरपाळे, आणि तेही तिखटाचे. तिखटाचे पातळ लाटतात, म्हणून हलके वाजतात. पोरी ओरडत होत्या, शेव, चिवडा, फुटाणे. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती माझ्याकडे वळली आणि कानाशी वाकून हळूच म्हणाली, "शंकरपाळे हायेत. तेलातले. तुले चालत नाहीत ना, म्हणून तुह्यासाठी सफरचंद कापून ठेवलं."

तिनं मला सांगून टाकलं. ओळखायलाच लावलं नाही.

"मले एक शंकरपाळा दे," मी म्हटलं.

"नको वं बाई! परवा पळाचं हाय तुले." ती हसली, अगदी मायेनं, आणि बशी माझ्या हातात दिली. फोडींना टूथपिकसुद्धा खोचले होते. भांडली असती तर बरं झालं असतं. तीन वर्षं काऊन नाही आली म्हणून चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पाहुण्याशी कोण भांडतं? मी सगळ्या फोडी खाल्ल्या आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. आईला वाटलं सर रागावले.

अमरावतीला मी चौथी आले. पुढे दोन वर्षं पळाले, मग नडगीच्या हाडानं दगा दिला आणि डॉक्टरांनी बंदच करायला सांगितलं. आता संग्रामपूरला शाळेत शिकवते. तळलेलं, गोड, सगळं खाते, आणि तेही दणकून.

मागल्या वर्षी कामानं नांदुऱ्याला गेले होते. बस सुटायला वेळ होता, म्हणून तिच्या घरी डोकावले. दारातूनच मला तळणाचा वास आला असणार, असं तिला वाटलं की काय, ती घाईनं उठली. घरात करंज्यांचा घाणा चालू होता. तिनं कढई उतरवली, हात धुतला आणि फळांच्या टोपलीतून सफरचंद घेऊन बशीत कापलं. शेजारीण बसली होती, तिला अभिमानानं सांगितलं, "हे माही मैत्रीण. पळते ना हे, मोठमोठ्या स्पर्धांत. इले असलं काही चालत नाही."

पळणं सुटून सहा वर्षं झाली होती. तिच्या आईच्याही बोलण्यात ते कधी आलं नसावं, आणि कोण सांगणार होतं, मीच ना? तिची पोरगी माझ्या पायांकडे पाहत होती. "मावशी, तू अजून पळते?"

"हाव," मी म्हटलं, आणि बशी हातात घेतली.