अंजनाची बांगडी आणि अक्काचा हात

माझ्या मोठ्या बहिणीचा हात मोडला, तेव्हा तो मी धरून ठेवला होता.

आज सकाळी अक्का गेली. शहाण्णव वर्षांची होती. फॅमिली ग्रुपवर हात जोडलेले इमोजी चाललेत. "किती शांत, किती प्रेमळ." तिचा उजवा हात मनगटात वाकडा का होता, हे एकानेही कधी विचारलं नाही.

मी नव्वदीची. नातू म्हणतो, आजी, पोस्ट लांबली तर कोणी वाचत नाही.
नका वाचू.

आमचे नाना धरणगावचे सुतार. बैलगाडीची चाकं करायचे. उरलेल्या तुकड्यांतून अक्का दागिने कोरायची. मणी, डूल, बांगड्या. पोरीच्या हातात पटाशी बघून लोक हसायचे. नाना हसू द्यायचे.

तिला जुन्याच झाडाचं लाकूड लागायचं. एकदा सातपुड्यातलं अंजनाचं म्हातारं खोड आलं. अंजन कुऱ्हाडीलाही दाद देत नाही. अक्का दोन दिवस नुसती त्यावर हात फिरवत बसली.

"इतला साल उभं ऱ्हायनं हाई झाड," म्हणाली. "त्यानी ताकद माले आंगवर घालनी शे."

त्याच लाकडाची तिने अखंड बांगडी कोरली आणि तेल लावून उजव्या हातात चढवली. तेव्हा ती बारा वर्षांची. वाढत्या हातात मापाची बांगडी घालू नये, एवढं सुताराच्या पोरीला कळायला हवं होतं. हात वाढला आणि बांगडी कायमची अडकली.

दोंडाईचाला लग्न झालं. सासू शेजारणींना तिचा हात धरून दाखवायची. "मनी सूननी बांगडी कधी फुटस नही!"

स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी तिचा नवरा तापाने गेला. अक्का सोळाची. जावई आजारी म्हणून नाना आणि मी आधीच तिथे पोचलो होतो. मी दहा वर्षांची.

आत बायका अक्काच्या बांगड्या फोडायला बसल्या. काचेच्या फुटल्या. लाकडाची राहिली.

सासूने वरवंटा उचलला. "मना पोऱ्या गया आनि हाई बांगडी ऱ्हायनी?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "नानाले बलाव. त्यासना हातमा करवत शे. कापी देतीन."

खरंच होती. नाना दारात तिरडीचे बांबू कापत होते. दहा पावलांवर.

सासू म्हणाली, "सौभाग्यले कोनी करवत लावस का? तू हात धर वं पोरी."

मी धरला.

भीतीपोटी धरला, असं आयुष्यभर स्वतःला सांगत आले. साफ खोटं. मला तशी बांगडी हवी होती आणि अक्काने ती करून दिली नव्हती. हिचीही तुटू दे, असं मला वाटलं.

बांगडीचा टवकासुद्धा उडाला नाही. तिसऱ्या घावाला हाड वाजलं. घरात सगळ्याच बायका रडत होत्या, त्यात अक्काची किंकाळी बाहेर कोणाला वेगळी कळणार?

मनगट सुजून निळं पडलं, तेव्हा कुठे नानांना आत बोलावलं. मधे पत्र्याची पट्टी सरकवून त्यांनी त्याच करवतीने बांगडी कापली. करवतीचे दात गेले.

अक्काने मला विचारलं, "तू नानाले बलावं नही का?"

"बलावं व्हतं," मी म्हणाले. "नाना उनात नही." म्हणजे, हाक मारूनही नाना आलेच नाहीत.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग करवत उचलून ते बाहेर गेले. धाकटी पोर खोटारडी ठरण्यापेक्षा आपण निर्दयी ठरलेलं त्यांनी पत्करलं.

अक्का माहेरी परत आली. त्या हाताने पटाशी पुन्हा धरता आली नाही. नानांना ताट वाढायची, पाणी द्यायची, पण अकरा वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

नाना शेवटच्या दिवशी तिला सारखी हाक मारत होते. ती आली, उशाशी तांब्या ठेवला आणि निघून गेली. मी तिथेच उभी होते. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

आधी मार पडेल म्हणून. मग माझ्या सासरी कळेल म्हणून. मग फार वर्षं झाली म्हणून.

मागच्या महिन्यात एकदाची हिंमत केली आणि तिच्याकडे गेले. तिला ऐकू येणं बंद झालं होतं. मी कानाशी ओरडून सगळं सांगितलं. ती हसली.

"जेवीसन जाय," म्हणाली.

तेव्हा कमेंटमध्ये "आजी, तुम्ही लहान होतात" असं कोणी लिहू नका. मी दहाव्या वर्षी लहान होते. पुढची ऐंशी वर्षं नव्हते.

अक्का, नानांना मी बोलावलंच नव्हतं गं. बोलावलं असतं तर ते धावत आले असते.

जा आता. तिथे नाना भेटले, तर आधी तू बोल.