सहा धुऱ्यांचं वावर

मोजणीकाका लढाई डोळे मिटून करायचे. मे महिन्यातली दुपार, कूलरला वाळ्याच्या ओल्या ताट्या, त्याचा तो गार गार वास, आणि दिवाणावर उताणे पडलेले काका. कुणालाही वाटावं, झोपलेत. मी कॉम्प्युटरसमोर. मलाही पेंग यायला लागली की हमखास आवाज यायचा, "घोडे नदीच्या अल्याड ठेव. अन् शेजारचा काय करून राहिला, ते पाहून सांग."

मी मोर्शीची. अमरावतीला शिकायला आले आणि काकांच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली. काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तेल्हाऱ्यापासून भातकुलीपर्यंत साखळी घेऊन उभा जन्म शेतं मोजलेली. हा लढाईचा खेळ खरं तर त्यांच्या मुलाचा, सुधीरदादाचा. दादा नोकरीसाठी पुण्याला गेला, खेळ मागे राहिला, आणि काकांना त्याचा नाद लागला. त्यातच काचबिंदूनं गाठलं. नजर कडेकडेनं मिटत आत यायला लागली. एक दिवस त्यांनी मला जिन्यातच अडवलं.

"कावं पोट्टे, तुले लढाई येते का?"

"नाही बाप्पा!"

"मंग लय बरं झालं. ज्याईले येते ते ऐकत नाहीत."

झालं, मी त्यांचे डोळे झाले.

खेळ असा: पडद्यावर मोठा मुलूख, त्याचे सहा बाजूंचे तुकडे पाडलेले. आपण आपली माणसं हलवायची आणि कोपऱ्यातलं बटण दाबून पाळी संपवायची. मग शत्रूची पाळी. दाबलं ते दाबलं, माघार नाही. त्या बटणाला काका 'सही' म्हणायचे. शत्रूच्या राजालाही त्यांनी कधी राजा म्हटलं नाही, तो 'शेजारचा'. आणि तो तुकडा म्हणजे वावर, शेत. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. "चार धुऱ्याच्या वावरात डोकी फुटतात," काका म्हणायचे, "हे तं सहा धुऱ्याचं. भांडन सरनारच नाही."

त्यांचा कायदा एकच. "आधी धुरा चाल, मंग भांड." रोज पहिल्या सहीआधी ते डोळे मिटूनच आपल्या राज्याचा धुरा चालायचे. भातकुली? मी पाहून सांगायची, "आहे." मोर्शी? "आहे." तेल्हारा? "आहे." खेळातल्या गावांना नावं त्यांनीच दिलेली. मोर्शी माझ्यासाठी. एकदा शेजाऱ्यानं आमच्या हद्दीत घोडेस्वार घुसवला तेव्हा मी तर तावातावानं उठलेच. काका म्हणाले, "बस. वाट चुकला असंन. पान्याले आला असंन. पाहू." दहा पाळ्या नुसतं पाहिलं आम्ही. तो पाण्यालाच आला होता.

चादरीला चुण्या पाडून ते डोंगर करायचे, बोटानं नदी ओढायचे आणि तिच्या काठाकाठानं खऱ्या तेल्हाऱ्यात जाऊन पोचायचे. तिथल्या काळ्या मातीत, उभ्या कपाशीत साखळी ओढली, तेव्हाचं सांगायचे. दोघं सख्खे भाऊ हातभर धुऱ्यासाठी कसे बोलेनासे झाले, आणि मोजणीत चूक काकांच्याच माणसाची कशी निघाली. ऐकता ऐकता माझा गोंधळ व्हायचा. पडद्यावरचे भालेकरी कपाशीतून चालतायत, बोंडं त्यांच्या बाह्यांना अडकतायत, आणि मागून कुणीतरी भाकरीचं गाठोडं घेऊन हाका मारतंय. इतकी गोड लढाई मी पुन्हा कधी पाहिली नाही.

अशाच एका दुपारी माझा डोळा लागला. दचकून जागी झाले आणि तिरंदाज तेल्हाऱ्यात न्यायच्या आधीच सही करून बसले. शेजाऱ्यानं एका पाळीत गाव घेतलं.

"तेल्हारा?" दिवाणावरून आवाज आला.

"आहे ना, काका."

काकांनी कूस बदलली फक्त.

मग काय, एका खोट्याला दहा खोटी. ते म्हणायचे, तेल्हाऱ्यात विहीर बांध. मी म्हणायची, बांधली. गल्लत नको म्हणून वहीत मी खोटा नकाशाच काढून ठेवला. गावाबाहेरचे हुकूम तेवढे इमानानं पाळायची. घोडे नाल्यापलीकडे ठेव, ठेवले. भालेकरी टेकडीवर ने, नेले. तीन आठवडे हे चाललं. दिसत नसलेल्या माणसाला फसवतेय, या विचारानं जेवण गोड लागेना.

तेवढ्यात सुधीरदादाचा फोन आला. काकांना पुण्याला न्यायचं ठरलं. ऑपरेशन केलं तर उरलीसुरली नजर वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. जायच्या आदल्या दुपारी काका दिवाणावर उठून बसले.

"चाल पोट्टे. शेवटचा धुरा चालू. भातकुली?"

"आहे."

"मोर्शी?"

"आहे."

"तेल्हारा?"

मी वही मिटली. मग रडतच सांगून टाकलं. "काका, तेल्हारा नाही आपल्याकडे. मले झोप लागली होती. तवाच गेलं."

"माहीत आहे," काका शांतपणे म्हणाले. "रोज 'आहे' म्हनायची तू. त्या दिवशी 'आहे ना' म्हनली. तो 'ना' कुठून आला?"

"मंग बोलले काहून नाही तुमी?"

"मोजनीत चूक झाली तं जो चुकला त्यानंच साखळी परत टाका लागते. दुसऱ्यानं टाकली तं तो शिकत नाही." मग जरा पुढे वाकले. "आता खरं सांग. घोडे कुठी आहेत?"

मी डोळे पुसून पडद्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. घोडे नाल्यापलीकडे. भालेकरी टेकडीवर. तेल्हाऱ्याचे सहाही धुरे आमच्या माणसांनी धरलेले. तीन आठवडे मी खोटं सांगत होते, आणि हा माणूस माझ्याच हातून गावाला वेढा घालत होता!

"कर सही," काका म्हणाले.

दोन पाळ्यांत तेल्हारा आमचं झालं. दुसऱ्या दिवशी काका पुण्याला गेले. फाटकापर्यंत पावलं मोजत गेले. माझा हात मात्र सोडला नाही.

ती लढाई आता माझ्या लॅपटॉपवर आहे. रविवारी दुपारी काकांचा फोन येतो. ऑपरेशनची पट्टी निघाल्यानंतरचा पहिला रविवार होता. मी अधीर होऊन आधी तेच विचारलं.

"काका, दिसते का आता?"

"दिसते ना, पोट्टे."

माझे डोळे भरून आले. तो 'ना' मला बरोबर ऐकू आला होता. पण मी त्यावर काही विचारलं नाही. त्यांनी मला तीन आठवडे दिले होते.

"बरं झालं काका," मी म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "भातकुली?"

"आहे," मी म्हटलं.