ओसरीवर उभा मॅनेजर
राजेश्रीनं सूड उगवला आणि मला, तिच्या शेजारणीला, त्याचा भारी आनंद झाला. उगाच कशाला लपवू?

मानवतच्या एका कापूस कंपनीत ती कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायची. व्यापाऱ्यांशी ऑनलाइन सौदे करणारा सर्व्हर तिनं फायरवॉलच्या मधल्या जागेत ठेवला होता. मला कळावं म्हणून म्हणायची, "काकू, ही आपली ओसरी. बाहेरचा माणूस इथवर येईल, माजघरात न्हाई. आन् ओसरीवरच्या सर्व्हरनं सोताहून इंटरनेटवर हुंदडायचं न्हाई. अपडेट आणायला एकच वाट, बाकी बंद."

मॅनेजर शिवप्रसादला ही बंदी जाचायची. एकदा काहीतरी डाउनलोड होईना, तर पठ्ठ्यानं सगळ्या वाटा मोकळ्या केल्या आणि तशाच ठेवल्या. सर्व्हरवर शिरलेल्या चोराला आयतीच वाट मिळाली, व्यापाऱ्यांची सगळी माहिती बाहेर गेली. मालकापुढं शिवप्रसाद म्हणाला, "दार हिनंच उघडं ठेवलं." राजेश्रीला काढून टाकलं. गावभर बोभाटा झाला. सुनेनं माहिती कुणाला विकली, असं लोक विचारायला लागले तसं तिच्या सासऱ्यांनी, तात्यारावांनी, चहाच्या टपरीवर जाणंच सोडलं. मला तर त्या मॅनेजरचं थोबाड फोडावंसं वाटायचं.

राजेश्री रडली नाही. भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "त्याच्याच तोंडानं बोलवून घेते."

फार वाट बघावी लागली नाही. ती गेल्यावर वाटा नीट बंद करणारं कुणी नव्हतं, त्या उघड्याच राहिल्या, म्हणून पुन्हा चोरी झाली आणि ऐन हंगामात सौदे ठप्प झाले. मालकानं तिला परत आणायला शिवप्रसादलाच धाडलं.

आमच्याकडं वैरी आला तरी पाणी द्यावं लागतं. राजेश्रीनं तांब्या पुढं केला. 'बसा' मात्र म्हणाली नाही. तो ओसरीवर तसाच उभा. मी मिरच्या वाळत घालायच्या निमित्तानं अंगणात आले होते.

"येते की," ती बाजेवर बसलेल्या सासऱ्यांकडं बघत म्हणाली. "पर दार कोणी उघडलं, ते आधी मामांना सांगा."

"मी उघडलं होतं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. मामांना कमी ऐकू येतं."

तो ओरडून बोलला. गल्लीतली माणसं थबकली.

तात्यारावांना फाट्यावरच्या एसटीचा हॉर्न घरात बसून ऐकू येतो. त्यांनी कानाला हात लावला.

"काय म्हणलात साहेब? जरा लोकांकडं तोंड करून सांगा की."