चावीवाल्यानं आधी पेपरची वेळ विचारली

मंडळी, लेकीच्या क्लाससाठी अहमदपूरहून येऊन लातुरात खोली केलीय. आज सकाळी वाऱ्यानं दार आपटलं आणि लॅच लागलं. चावी आत, तिचं आयकार्ड आत, आम्ही दोघी बाहेर.

लेकीचा आज पेपर आहे, लवकर या, असा फोन केल्यावर चावीवाला आला. कुलूप न बघताच म्हणाला, "ताई, लेकराचा पेपर किती वाजता हाय?"

"दहाला," मी खरं सांगून बसले.

"मग बाराशे होतील."

दार दोन मिनिटांत उघडलं. घरमालकीण म्हणाल्या, "माझ्याकडून तर दोनशेच घेतले होते की!"

लेक वेळेत पोचली. माझा राग अजून गेला नाही. तरी त्याचा नंबर ठेवलाय, बारावीही इथंच काढायचीय.

लातूरकरांनो, आधी कुलूप बघणारा चावीवाला कुणाला माहीत आहे का?