धवळी रस्त्यात का थांबायची

लेकरांनो, डिसेंबरात तुम्ही इथे हिंगोलीला याल तेव्हा शेजारच्या अंगणात खुर्चीवर बसलेले एक शांत वृद्ध गृहस्थ तुम्हाला दिसतील. ते तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. तुम्ही वाकून नमस्कार कराल, ते डोक्यावर हात ठेवतील आणि पुन्हा गप्प बसतील. मग तुमचा समज होईल की हे कायमच असे होते. तो समज घेऊन तुम्ही परत विमानात बसू नये, म्हणून आत्ताच लिहिते. या जगात निर्जीव असं काहीच नाही, जे आहे ते सगळं जनावर आहे आणि त्याला वेळेवर चारापाणी, विसावा आणि पाठीवर एक थाप लागते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो हा.

भावजी जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. सेनगावकडच्या तांड्यांवरच्या गाई-म्हशी त्यांना नुसत्या खोकल्यावरून ओळखायच्या. नोकरी संपली तरी त्यांचं तपासणं संपलं नाही. फक्त जनावरांमध्ये आता घरातल्या वस्तूंची भर पडली. आमचा फ्रीज मध्यरात्री गुरगुरला की ते सकाळी येऊन सांगायचे, "वहिनी, रवंथ करून राहिला तो, चांगली गोष्ट हाय." मिक्सर बुजरा होता, पंखा मागच्या डाव्या पायानं लंगडत होता, आणि बोअरची मोटर गाभण असल्यासारखी सुस्त होती. मी हौसेनं नवा सोफा घेतला तेव्हा त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, हात लावून पाहिला आणि म्हणाले, "अंगानं भरलेला हाय, पण कामाचा न्हाई." माणसांनाही सूट नव्हती. पुतणीसाठी आलेलं स्थळ पाहून सगळे नोकरी, शेती, घरदार यांची चर्चा करत होते, भावजींनी मुलाला फाटकापर्यंत पोचवलं, मागून नीट पाहिलं आणि परत येऊन निकाल दिला, "पोरगं गुणी हाय, चाल सरळ हाय. देऊन टाका." तो जावई खरोखरच गुणी निघाला, हे इथे कबूल केलं पाहिजे.

या सगळ्यांत त्यांची लाडकी म्हणजे त्यांची दुधी रंगाची जुनी मोटार. तिचं नाव धवळी. निवृत्तीनंतर ते तिच्यात औषधाची पेटी टाकून गावोगाव हिंडायचे आणि कुणी बोलावो न बोलावो, दिसेल त्या गोठ्यात शिरायचे. धवळी थकली की तिला सावलीत उभी करायची, चढ चढून आली की बॉनेटवर ओलं पोतं टाकायचं, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, ज्या संध्याकाळी लोक बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात, त्या संध्याकाळी हिची पुढची चाकं मळायची. घरात बैल उरले नव्हते, पण पोळा कसा चुकवायचा? धवळीला शिंगं नाहीत ही अडचण त्यांनी कधीच सोडवली होती. तिचे दोन्ही बाजूंचे आरसे हीच शिंगं. त्यांच्या पाठीला दरवर्षी शिंगांचा तांबडा तेलरंग लागायचा.

एका वर्षी धवळी इतका धूर सोडू लागली की गावातल्या जुन्या मिस्त्रींनी सांगितलं, इंजिन खोलावंच लागेल. अर्धा पावसाळा ती त्यांच्याकडे पडून होती. दवाखान्यात डबा घेऊन जावं तसे भावजी रोज तिला भेटायला जात. पोळ्याच्या तोंडावर ती नव्यासारखं इंजिन घेऊन घरी आली तेव्हा आनंदाच्या भरात त्यांनी आरशांबरोबर पेट्रोलच्या टाकीचं झाकणही लालभडक रंगवलं. "तोंडाला बी जरा शोभा," म्हणाले. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. माझी धाकटी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, तेवढी म्हणाली, "लग्नात मला एवढं सजवलं न्हवतं."

आणि त्यानंतर धवळी रस्त्यात बंद पडू लागली. गावात कधी नाही. बाजारात, दवाखान्यात, स्टेशनपर्यंत अगदी शहाण्यासारखी जायची. लांबच्या रस्त्याला लागली की मध्येच दोन आचके द्यायची आणि थांबायची. एकदा नाल्याजवळ थांबली. भावजी म्हणाले, पाणी बघून थांबली. एकदा स्मशानाजवळ थांबली, बुजली. एकदा जाऊबाईंनी दार जोरात आपटल्यावर चार गावं पुढे जाऊन थांबली. ते रुसणं होतं, उशिरा आलेलं. मग भावजी खाली उतरायचे. तिचा पेट्रोलचा काटा कैक वर्षांपूर्वी मेला होता, म्हणून डिकीत बांबूची एक कामटी असे. झाकण उघडून ती टाकीत बुडवायची आणि किती ओली झाली ते पाहायचं, हा पहिला उपचार. झाकण उघडताना हुस्स असा आवाज यायचा. "ऐकलं? उसासा टाकला," म्हणायचे. पेट्रोल भरपूर असायचं. मग ते तिच्याशी चार शब्द बोलायचे, पोतं भिजवायचे, आणि धवळी सुरू व्हायची. कारण मात्र दर वेळी नवं.

मला कारणाशिवाय परिणाम पटत नाही. इंग्रजी शाळेत गेल्याचा तेवढा एक तोटा. मी त्यांना पुन्हा पुन्हा मिस्त्रींकडे पाठवलं. मिस्त्रींनी प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर खोलून धुतलं, आणि प्रत्येक वेळी आधी झाकण उघडून पेट्रोल पाहून, रेल्वे फाटकापर्यंत चक्कर मारून धवळी धडधाकट परत आणली. शेवटी ते कळवळून म्हणाले, "डाक्टरसाब, मेरे पास तो बच्ची के माफिक चलती. आपकेच पास कायकू रुकती?"

"लाड," भावजी म्हणाले.

पण वारंगा फाट्याजवळ, भर हमरस्त्यावर, मागे ट्रक असताना ती थांबली तेव्हा गंमत संपली. भावजींचा मुलगा पुण्याला इंजिनिअर आहे. त्याला हे कळलं आणि तो दिवाळीची वाट न पाहता आला. आरडाओरड केली नाही, तो त्याचा स्वभाव नाही. तो म्हणाला, "बाबा, उद्या आपण सगळे शिरड शहापूरला जाऊ आणि येऊ. एकदाही बंद पडली नाही तर तुमची. पडली तर मी किल्ली घेणार आणि गाडी विकणार." भावजींनी मान हलवली. त्या रात्री ते जेवले नाहीत. गाडी गेली की गोठे गेले, हे त्यांना ठाऊक होतं. एसटीनं जाऊन कुणाची अडलेली म्हैस वेळेवर सुटत नाही.

शिरड शहापूरच्या एका शेतकऱ्याकडे म्हैस व्याली होती आणि खरवसाचं आमंत्रण होतं. भावजी चालवत होते, मुलगा शेजारी, आम्ही दोघी जावा मागे. औंढा गेलं. भावजी गाणं म्हणत नव्हते यावरून किती घाबरले होते ते ओळखा. औंढ्याच्या पुढे, दोन्हीकडे तुरीचं रान असलेल्या मोकळ्या रस्त्यावर धवळीनं पहिला आचका दिला. मग दुसरा. आणि थांबली.

 भावजी उतरले, डिकीतून कामटी काढली. तेव्हा माझ्या जाऊबाई खिडकीतून म्हणाल्या, "त्या मिस्त्रीकडं काहून जाता? या कामटीलाच मिस्त्री करा. दर बारीला तीच तर दुरुस्त करून राहिली."

भावजी जागच्या जागी उभे राहिले. कामटी त्यांनी खाली ठेवली. मग झाकण अगदी हळू, अर्धंच फिरवलं आणि गाईच्या नाकपुडीपुढे धरतात तसा तळहात त्याच्या कडेला धरला. हुस्स झालं. "वहिनी, इकडं या. हात लावा." मी लावला. गार हवा बोटांना घासून आत शिरत होती.

"उसासा न्हाई हा," ते म्हणाले. "ही बाहेर टाकून न्हाई राहिली, आत ओढून राहिली. श्वास कोंडला हिचा."

मुलानं झाकण हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. मधोमध हवा जाण्यासाठी एक बारीक भोक होतं, आणि ते तांबड्या तेलरंगानं गच्च भरलेलं होतं. "बाबा, टाकीत हवा जात नाही, म्हणून पेट्रोल पुढे येत नाही. झाकण उघडलं की हवा जाते आणि गाडी सुरू होते."

"तेच म्हणून राहिलो मी. नाक बंद हाय." मग त्यांचा चेहरा पडला. "जन्मभर दुसऱ्याच्या जनावरांची नाकं मोकळी केली, आणि घरच्या जनावराचं मीच बुजवलं."

जाऊबाईंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. भावजींनी काट्यासारखा तो रंग कोरून काढला, झाकणावर फुंकर मारली, ते लावलं. आणि मग किल्ली काढून मुलापुढे धरली. "बोलणं ते बोलणं. बंद पडली ती पडली. घे."

मी काही बोलणार होते, पण जाऊबाईंनी माझा हात दाबला. मुलानं किल्ली घेतली. "सरका तिकडं," म्हणाला आणि स्वतः चालवायला बसला. शिरड शहापूर आलं. आम्ही खरवस खाल्ला. भावजींनी म्हशीला तपासलं, पण खरवसाची वाटी तशीच ठेवली. परतीचा सगळा रस्ता मुलगा मुद्दाम न थांबता चालवत होता, चहालासुद्धा नाही. भावजी खिडकीबाहेर पाहत होते. तुरीची रानं संपली, औंढा मागे गेलं, हिंगोलीचे दिवे दिसले. घरात शिरल्यावर मुलानं चपला काढल्या आणि किल्ली वडिलांच्या खुंटीला अडकवली. "पुढच्या पोळ्याला फक्त शिंगं रंगवा," एवढंच म्हणाला. भावजींनी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच ताट वाढून घेतलं.

त्यानंतर बरीच वर्षं धवळी त्यांना घेऊन गोठ्यागोठ्यांतून फिरली. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी रस्त्यातलं वासरू त्यांना फार उशिरा दिसलं. वासराला काही झालं नाही. भावजी घरी आले आणि मुलाला फोन करून म्हणाले, "आता मी चालवणार न्हाई." कुणी मागितलं नव्हतं, कुणी अट घातली नव्हती. तेव्हापासून ते कमी बोलतात. आमचा फ्रीज हल्ली फार गुरगुरतो, पण त्याला काय झालंय ते मला कुणी सांगत नाही.

सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवणारा, तांड्यावरचा एक माणूस दर रविवारी येतो. त्याची गाय एकदा भावजींनी वाचवली होती. तो धवळी चालवतो आणि भावजी शेजारी बसतात. ती अजून सुरू होते, आणि जनावरं तपासायला ते अजून जातात.